सुटीत परदेशी अनाथालयात सेवेला जावे का?

प्रश्न : मावशी, सप्रेम नमस्कार. मी वसईची, सध्या पुण्यात नोकरी करते. आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) युवक मंडळाच्या दोन मैत्रिणी गेल्या वर्षी कंबोडियातल्या एका अनाथालयात दोन आठवडे सेवा करून आल्या. मुलांना गाणी शिकवली, थोडे इंग्रजी शिकवले, भिंती रंगवल्या. तिथली मुले पहिल्याच दिवशी धावत येऊन गळ्यात पडली, हे सांगताना अजून त्यांचे डोळे भरून येतात. या डिसेंबरात मलाही जायचे आहे. जी परदेशी संस्था हे जमवून देते तिचे शुल्क आणि विमानभाडे मिळून दीड लाखाच्या घरात जाते. तेवढे पैसे मी साठवले आहेत. पण माझा भाऊ म्हणतो, यात त्या मुलांचे नुकसानच आहे. आई म्हणते, अनाथांची सेवा करायला निघालेल्या पोरीला अडवू नये. तुम्ही रुमानियात अशा मुलांमध्ये काम केले आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. जाऊ की नको?
— एक वाचक, वसई

उत्तर : मुली, या बेताने जाऊ नकोस. तुझ्या मनातली ओढ खरी आहे आणि तिला मी नावे ठेवणार नाही. अनाथांच्या आणि विधवांच्या संकटात त्यांच्याकडे जाणे हाच खरा धर्म, असे बायबलातल्या याकोबाच्या पत्रात आहे. त्याच वचनाने मलाही घराबाहेर काढले होते. म्हणून नुसते ‘नको’ म्हणून थांबत नाही. मी काय पाहिले ते सांगते.

मी नगर जिल्ह्यातली. मिरजेला नर्सिंग शिकले, लग्न होऊन इंग्लंडला गेले आणि तिथे लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली. १९८९ च्या डिसेंबरात रुमानियातल्या तिमिश्वारा शहरात लास्लो त्योकेश नावाच्या पाळकांना सरकार घराबाहेर काढणार, असे कळले. त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, माणसे त्यांच्या दाराशी उभी राहिली. तिथून उठाव पेटला आणि नाताळच्या दिवशी हुकूमशहा चाउशेस्कूला गोळ्या घालण्यात आल्या. सीमा उघडल्या, आणि थोड्याच दिवसांत तिथल्या बालगृहांची दृश्ये टीव्हीवर दिसू लागली. इंग्लंड, हॉलंड, जर्मनी, अमेरिका इथल्या मंडळ्यांनी मदत पाठवायला सुरुवात केली. आमच्या मंडळीच्या ट्रकमध्ये दुधाची पावडर, जुलाबावरची औषधे आणि कपडे धुण्याची यंत्रे होती. त्या ट्रकबरोबर मी गेले आणि पुढचा हिवाळा उत्तर रुमानियातल्या एका बालगृहात काढला.

तीन वर्षांखालची मुले. पांढऱ्या लोखंडी खाटांच्या रांगा, भिजलेल्या गाद्यांचा वास, सगळ्यांची डोकी भादरलेली. कपडे कुणा एकाचे नव्हते, धुऊन आले की जे हाती येईल ते अंगावर चढवायचे. वीस-बावीस मुलांमागे एक बाई. ती तरी काय करणार? दुधाची बाटली उशीला टेकवून ठेवायची आणि पुढच्या खाटेकडे जायचे. बाटली घसरली तर मूल उपाशी. त्या बायका दुष्ट नव्हत्या. कामाची पाळी संपली की ब्रेडच्या रांगेत उभ्या राहायच्या आणि घरी आपल्या पोरांना थंड घरात निजवायच्या. पण इतकी मुले असूनही खोलीत रडणे नव्हते. रडून कुणी येत नाही हे तान्ह्या बाळालाही महिन्याभरात कळते. मुले बसल्या जागी पुढे-मागे डोलत राहायची, तासन्‌ तास.

तीन वर्षांची झाली की एक समिती मुलांना तपासायची आणि त्यांची वाटणी करायची. ज्यांच्यात सुधारणा होणार नाही असे समितीला वाटे, ती वेगळ्या ठिकाणी जायची. तिरळा डोळा, वाकडे पाऊल एवढ्यावरूनही हा शिक्का बसायचा. चिगिद नावाच्या गावातल्या अशा एका घराची हकीगत १९९० मध्ये जर्मन पत्रकारांनी बाहेर आणली. तिथे मुले थंडीने आणि भुकेने मरत होती. शिवाय एकच सुई अनेकांना वापरल्यामुळे आणि अशक्त बाळांना थोडे थोडे रक्त देण्याच्या पद्धतीमुळे एड्स पसरला होता. युरोपातल्या एड्सग्रस्त मुलांपैकी निम्म्याहून अधिक त्या वेळी एकट्या रुमानियात होती.

आता तुझ्या प्रश्नाशी जोडलेली गोष्ट. त्या देशातल्या बालगृहांत लाखाच्या आसपास मुले होती आणि त्यांतली फार थोडी अनाथ होती. बाकीच्यांचे आईवडील जिवंत होते. १९६६ मध्ये चाउशेस्कूने गर्भपातावर बंदी आणली, संततिनियमनाची साधने मिळेनाशी केली, मूल नसलेल्यांवर कर बसवला. देशाची लोकसंख्या वाढवायची होती. घरात अन्न नाही, जळण नाही आणि पाचवे मूल पोटात. अशा आईला सरकार सांगायचे, तुझ्यापेक्षा आम्ही याला चांगले वाढवू. १९६९ नंतर त्या देशात समाजकार्याचे शिक्षणही बंद केले होते. त्यामुळे मूल दारात आणणाऱ्या आईजवळ बसून ‘काय मिळाले तर तू याला घरी ठेवशील?’ एवढे विचारणारे माणूसच उरले नव्हते.

पहिले काही महिने आम्ही नळ दुरुस्त केले, खरजेवर औषध लावले, गाद्या बदलल्या. मूल मरत असते तेव्हा आधी तेच करायचे असते. पण खरा फरक पडला तो एका डच बाईंमुळे. त्या वयस्क होत्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी ठरवले की आपण फक्त पाच मुलांचे. सकाळी उठवणे, भरवणे, आंघोळ, निजवणे, सगळे त्याच पाचांचे आणि रोज. बाकीच्या खाटांकडे पाठ फिरवताना त्यांचा जीव तुटायचा, मी पाहिले आहे. काही आठवड्यांनी त्या पाचांतला एक मुलगा त्या खोलीबाहेर गेल्या की रडू लागला. आम्हा परिचारिकांना त्या रडण्याने केवढा आनंद झाला! आपले कुणीतरी आहे आणि ते आत्ता इथे नाही, हे त्याला कळू लागले होते. मग तिथल्या पगारी बायकांनाही आम्ही तशीच ठरावीक मुले वाटून दिली. त्या डच बाई परत गेल्याच नाहीत. भाषा शिकल्या आणि म्हातारपण तिथेच काढले.

उन्हाळा आला तशा बसगाड्या येऊ लागल्या. तरुण मुलेमुली, भली, प्रार्थनाशील, तुझ्या मैत्रिणींसारखीच. दहा दिवस, पंधरा दिवस. हातात फुगे आणि गिटार. आणि मुले धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडायची, अगदी तुझ्या पत्रात लिहिले आहे तशीच. आता हे नीट ऐक. घरात वाढलेले दोन-तीन वर्षांचे मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपते. तो त्याचा शहाणपणा आहे. पहिल्याच भेटीत परक्याच्या कडेवर चढणारे मूल ही आजाराची खूण आहे, आणि डॉक्टर तिला तसेच ओळखतात. माणसे येतात आणि जातात, तेव्हा येईल त्याला धरावे, एवढेच ते शिकलेले असते. बस निघून गेल्यावर आमच्या त्या मुलाने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. त्याचा कुणावर तरी जीव जडू लागला होता, तो दर पंधरवड्याला नव्याने तुटत होता. बस घेऊन आलेल्या पुढाऱ्यांना आम्ही विनवले, की तुमच्या पोरांना कुंपण बांधू दे, स्वयंपाकघर रंगवू दे, पण मुलांच्या खोल्यांत पाठवू नका. काहींनी ऐकले. काही रागावले.

पुढे अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी, चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी, बुखारेस्टमधल्या १३६ बालगृहवासी मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. निम्मी मुले पालक-कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्यांची मुले घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवली, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. २००७ मध्ये त्यांनी जे मांडले ते असे : कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी अधिक वाढली, आणि दोन वर्षांची होण्याआधी जी गेली त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. २००५ पासून रुमानियात दोन वर्षांखालच्या मुलाला बालगृहात ठेवायला कायद्याने बंदी आली. (गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांना मात्र तेव्हा त्यातून वगळले, याचे मला आजही वाईट वाटते. आईच्या कुशीची गरज त्यांना सर्वांत जास्त.)

मुलांना घरी पोचवण्याचे काम आम्ही त्या हिवाळ्यातच सुरू केले होते. नोंदवहीत आईचे नाव आणि गाव असायचे. तिथल्या मंडळीतली एक बहीण आमच्याबरोबर यायची. एका मुलाची आई चाळीसेक किलोमीटरवर सापडली. चुलीला जळण नव्हते, सहा जणांत दोन खाटा होत्या, आणि मुलाला भेटायला यायचे तर बसभाड्याला पैसे नव्हते. आम्ही लाकूड आणि एक खाट दिली, दर आठवड्याच्या बसभाड्याची सोय केली. ती येऊ लागली. वसंत ऋतूत तो मुलगा तिच्याबरोबर घरी गेला. दुसऱ्या एका आईने दार उघडले नाही, तिसरीचा पत्ता लागला नाही. सगळ्या कहाण्या गोड झाल्या नाहीत. पण बालगृहात एका मुलावर जेवढा खर्च होत होता त्याहून ते लाकूड आणि बसभाडे कितीतरी कमी होते.

आता कंबोडिया. २००५ ते २०१० या पाच वर्षांत तिथल्या अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि युनिसेफच्या पाहणीत तिथल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. देशात युद्ध नव्हते, अनाथ वाढले नव्हते. वाढले होते ते पर्यटक आणि सेवेसाठी पैसे भरून येणारे लोक. गावातल्या गरीब आईबापांना सांगायचे, आमच्याकडे पाठवा, इंग्रजी शिकेल. म्हणजे तुझे दीड लाख एखाद्या मुलाला त्याच्या आईपासून दूर ठेवायला कारण होऊ शकतात. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण तुला हे कुणीतरी सांगायला हवे. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने मुलांना अशा अनाथालयांत आणण्याला आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत धरले, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्याचा उल्लेख ठरावात केला. हैतीत २०१० च्या भूकंपानंतर अमेरिकेतल्या बाप्टिस्ट मंडळींचे दहा जण ३३ मुलांना सीमेपार नेताना पकडले गेले. मुले अनाथ आहेत असे ते सांगत होते. बहुतेकांचे आईवडील जिवंत होते.

त्या संस्थेला पत्र लिही. विचार, या मुलांपैकी किती जणांचे पालक हयात आहेत? त्यांना घरी पोचवण्यासाठी तुम्ही कुणाला नेमले आहे? मी गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी या मुलांना कोण उठवणार, आणि तेच माणूस पुढच्या वर्षी तिथे असेल का? आणि मुलांजवळ जाऊ देण्याआधी माझा पोलिसांचा दाखला का मागितला नाहीत? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. जिथे कुणीही पैसे भरून मुलांच्या खोलीत शिरू शकते, तिथे वाईट हेतूचा माणूसही शिरतो.

तुला खरोखर या कामात पडायचे असेल तर आधी काही शिकून घे. मतिमंद मुलांचे शिक्षण, वाचा-उपचार, फिजिओथेरपी यांतले काहीही. मग वर्ष-दोन वर्षांसाठी जा आणि तिथल्या माणसांना शिकव. ज्याला गिळता येत नाही अशा मुलाला कसे बसवून भरवायचे, हे तिथल्या एका आईला आले तर ते मूल तिच्याजवळ राहते. आणि यंदाच्या डिसेंबरात काय करायचे, तर आपल्या राज्यात बाल संगोपन योजना आहे. एकट्या पडलेल्या आईला किंवा आजीला मूल घरीच वाढवता यावे म्हणून दरमहा पैसे मिळतात. कागदपत्रे जुळत नाहीत म्हणून कितीतरी घरे त्यापासून लांब राहतात. तुझ्या धर्मग्रामात, शेजारच्या पाड्यांवर अशी घरे कोणती ते शोध आणि त्यांचे अर्ज भरून दे. भावाला बरोबर घे. आईला सांग, पोरीला मी अडवले नाही, वाट वेगळी दाखवली.

प्रश्न : आदरणीय ताई, आपण मागेही या सदरात बालगृहांविरुद्ध लिहिले होते. मग पंडिता रमाबाईंनी केडगावला शेकडो मुली गोळा केल्या, परदेशी बहिणी येऊन राबल्या, तेही चुकीचेच का? माझी आजी तिथेच वाढली. तिला तिथे जीवन मिळाले.
— एक वाचक, दौंड

उत्तर : भाऊ, आपल्या आजीला जे मिळाले त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. आपला प्रश्न रास्त आहे आणि तो विचारताना आपल्याला दुखले असणार, हेही मला समजते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सापळे झालेल्या मुली आणि बालविधवा घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्याही आल्या. या मुलींचे आईबाप मेले होते किंवा मरायला टेकले होते, आणि त्यांना गोळा करायला दुसरी वाईट माणसेही टपून बसली होती. रमाबाईंनी स्वतः आईवडील दुष्काळातच गमावले होते, त्यामुळे आपण काय करत आहोत हे त्यांना कुणी सांगायला नको होते. आणि त्या निघून गेल्या नाहीत. १९२२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. मिनी एब्रम्ससारख्या अमेरिकेहून आलेल्या बहिणी मराठी बोलत होत्या, वर्षानुवर्षे राहिल्या. मुली विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छापखाना शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलाच्या भाषांतराचे छपाईचे खिळे याच मुलींनी जुळवले. मी ज्याच्याविरुद्ध लिहिते ते हे नव्हे.

त्याच काळात इंग्लंडातल्या ख्रिस्ती संस्थांनी काय केले तेही सांगते. १८६९ पासून पुढे सहा-सात दशकांत सुमारे एक लाख मुले त्यांनी जहाजांनी कॅनडात पाठवली, शेतावर राबायला. त्यांतल्या अनेकांचे आईवडील लंडनच्या गरीब वस्त्यांत जिवंत होते. पाठवणाऱ्यांची खात्री होती की आपण मुलांना वाचवतो आहोत. २०१० मध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी अशा स्थलांतरित मुलांची जाहीर माफी मागितली. काम देवाच्या नावाने चालले आहे, म्हणून ते मुलाच्या हिताचे ठरत नाही. ते प्रत्येक मुलापाशी थांबून, याचे कुणी आहे का, हे शोधूनच ठरवावे लागते. आजीच्या आठवणी कुणी लिहून ठेवल्या असतील तर त्या जपा. जमल्यास मलाही वाचायला पाठवा.

प्रश्न : मावशी, आम्ही लेस्टरला राहतो. आमचे चर्च नाताळसाठी जुने कपडे आणि खेळणी गोळा करून रुमानियामार्गे युक्रेनच्या अनाथ मुलांकडे ट्रक पाठवते. मुलगी विचारते, आपण तिथले एखादे बाळ घरी आणू या का? तिला काय सांगू?
— एक आई, लेस्टर

उत्तर : ताई, मुलीला सांगा की आत्ता नाही. युद्धात हरवलेल्या मुलाचे आईवडील पुढे सापडू शकतात. म्हणून संकटाच्या ऐन काळात परदेशी दत्तक देऊ नये, असे युनिसेफ आणि निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था दोघीही सांगतात. रुमानियाने हा धडा फार महागात घेतला. १९९०-९१ च्या दीड वर्षात तिथून सुमारे १०,००० मुले परदेशी गेली आणि मुलांचा बाजार भरला. कितीतरी आयांना आपले मूल कुठे गेले ते कधी कळले नाही. अखेर तिथल्या सरकारला परदेशी दत्तक जवळजवळ बंदच करावे लागले.

युक्रेनमध्ये युद्धाच्या आधीच लाखाच्या आसपास मुले संस्थांमध्ये राहत होती आणि त्यांतल्या बहुतेकांचे पालक हयात होते. रुमानियाचीच गोष्ट तिथे चालू होती. २०२२ च्या फेब्रुवारीत, युद्ध पेटले तेव्हा, सीमेवरच्या सिरेत नाक्यावरून आया कडेवर मुले घेऊन रुमानियात शिरत होत्या, आणि तिथल्या मंडळ्या चहा, पाव आणि झोपायला जागा घेऊन रात्रभर उभ्या होत्या. त्याच सिरेत गावात एके काळी मुलांचे मनोरुग्णालय होते. तिथली स्थिती ऐकून परदेशी स्वयंसेवक तिथे धावले होते. त्या गावाने आता आयांसकट मुलांना घरात घेतले, या बातमीने मी त्या दिवशी फार रडले.

ट्रकचे म्हणाल, तर जुने कपडे पाठवू नका. तिथे ते वेगळे करण्यातच माणसे अडकतात, आणि कपडे तिथल्या दुकानांतही मिळतात. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना विचारा, की जमलेले पैसे सीमेपलीकडच्या एखाद्या मंडळीला थेट पाठवता येतील का, आणि ती मंडळी आजी-मावशीजवळ राहणाऱ्या मुलांच्या घरभाड्याला, जळणाला ते देईल का. खेळणी द्यायचीच असतील तर नवी द्या आणि ती आईच्या किंवा आजीच्या हाती द्या, म्हणजे नाताळला मुलाला ती तिच्याकडून मिळतील. आणि मुलीला एक काम द्या. तुमच्या शहरातही युक्रेनहून आलेली कुटुंबे असतील. तिच्या वर्गात किंवा शेजारी तिच्या वयाची कुणी आहे का, ते तिने शोधावे आणि तिला आईसकट जेवायला बोलवावे.